उन्हाळ्यातलं शहर आणि आपली उद्यानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या भागातल्या उद्यानासाठी आम्ही काही शेजारी मिळून काम करतो. सकाळी फिरायला येणारे आजोबा, सोसायटीच्या मीटिंगमधली मंडळी, हरकती-सूचना लिहायला बसलेले तरुण, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत. मुंबई-नागपूरची गोष्ट जिथे वेगळी पडते तिथे तसं सांगितलं आहे.

उद्यानामुळे हवा खरंच थंड होते, की झाडं पाहून तसं वाटतं?

खरंच होते. २०१० मध्ये जगभरातल्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली. दिवसा उद्यानातली हवा आसपासच्या शहरापेक्षा सरासरी ०.९४ अंश सेल्सिअसनं थंड निघाली. हा आकडा सांगितला की लोक म्हणतात, "एका अंशासाठी एवढा खटाटोप?"

पण तापमापक नेहमी सावलीतल्या हवेचं तापमान सांगतो. आपलं अंग फक्त हवेनं तापत नाही. वरून ऊन लागतं, खालून डांबर भाजतं, बाजूनं भिंती आणि गाड्यांचे पत्रे धग फेकतात. एप्रिलमध्ये भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग ५५-६० अंशांवर जातो. लक्ष्मी रस्त्यावरून चालत येऊन एखाद्या वडाखाली उभं राहिलं की पहिल्या श्वासालाच हायसं वाटतं, कारण वरची, खालची आणि बाजूची अशी तिन्हीकडची धग एकदम कमी होते. हवेत फरक अंशाभराचा असला तरी अंगाला तो कितीतरी जास्त जाणवतो.

आणि तो अंशही क्षुल्लक नाही. युरोपातल्या ९३ शहरांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१५ च्या उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे तिथे ६,७०० अकाली मृत्यू झाले असा त्यात अंदाज आहे. या शहरांत झाडांचं छत्र सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास होतं. ते ३० टक्के असतं तर तापमान सरासरी ०.४ अंशांनी उतरलं असतं आणि २,६४४ माणसं वाचली असती. हे आकडे युरोपचे आहेत, आपल्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण अर्ध्या अंशालाही किंमत असते एवढं त्यावरून नक्की कळतं.

शहर बाहेरच्या गावांपेक्षा जास्त का तापतं?

लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वीच, १८१८ च्या सुमारास, नोंदी ठेवून हे दाखवलं होतं. सिमेंट, डांबर आणि विटा दिवसभर उष्णता पितात आणि रात्रभर ती ओकत राहतात. पावसाचं पाणी गटारात जातं, जमिनीत मुरत नाही. त्यामुळे नुसती बाष्पीभवनानं जी थंडाई मिळाली असती तीही मिळत नाही. त्यात गाड्या आणि एसीची गरम हवा. म्हणून शहर आणि खेडं यांतला फरक सगळ्यात जास्त रात्री जाणवतो. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना तो कुणी समजावून सांगावा लागत नाही.

झाड थंडावा देतं म्हणजे नेमकं काय करतं?

दोन गोष्टी करतं. पहिली आणि मोठी गोष्ट सावली. ऊन पानांवरच अडतं, जमीन तापतच नाही.

दुसरी गोष्ट समजायला विदर्भातला कूलर आठवा. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी ओघळतं, पंखा हवा ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि खोलीत गारवा येतो. झाडही हेच करतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या बारीक छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. पुरेशी ओल असलेलं मोठं झाड दिवसाला १०० लीटर पाणी बाहेर टाकत असेल, तर ते २४५ मेगाज्यूल, म्हणजे ६८ युनिटांइतकी उष्णता शोषतं. दीड टनाचा एसी सलग १३ तास चालवला तर खोलीतून तेवढी उष्णता बाहेर काढतो. फरक असा की एसी ती उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीखाली सोडतो.

या हिशेबातला "पुरेशी ओल असलेलं" हा शब्दप्रयोग विसरू नका. जमीन कोरडी ठाक पडली की झाड जीव वाचवायला छिद्रं मिटून घेतं आणि कूलर बंद पडतो. सावली मात्र तरीही राहते.

मग मुंबईत झाडांचा उपयोग कमी होतो का?

कूलरवाला भाग कमी होतो. मुंबईच्या दमट हवेत कूलर चालत नाही, त्याच कारणानं. तिथे सावली आणि वारा यांचं मोल जास्त. म्हणून मुंबईत उंच बुंध्याची, वर पसरणारी झाडं हवीत, खालून वारा खेळता राहायला हवा. घट्ट झुडपांची भिंत उभी केली तर सावली मिळेल, पण घाम वाळणार नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथली हवा मे महिन्यात इतकी कोरडी असते की पाणी मिळालेलं झाड तिथे दोन्ही कामं जोरात करतं. पुणे मधलं: मार्च-एप्रिलमध्ये नागपूरच्या बाजूला झुकलेलं, मे अखेरीस मुंबईच्या.

उद्यानात कोणती झाडं लावावीत?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न. याचं उत्तर देताना बहुतेक जण फुलांचा विचार करतात. आमचं सांगणं एवढंच की आधी पंचांग काढा आणि झाड कोणत्या महिन्यात भरलेलं असतं ते बघा.

सावली हवी असते मार्च ते मे. आपल्याकडची काही सुंदर झाडं नेमकी तेव्हाच उघडी पडतात. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात तेव्हा अंगावर पान नसतं. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळाजर्द होतो, पण त्याच्याखाली बसून बघा, ऊन थेट डोक्यावर येतं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो उन्हाळ्याचा मोठा भाग काड्यांचा सांगाडा असतो, आणि वळवाच्या वादळात त्याच्या फांद्या पहिल्यांदा मोडतात. ही झाडं लावूच नयेत असं नाही. शोभेला आणि पाखरांना ती हवीतच. फक्त बाकाच्या डोक्यावर नकोत.

बाकांवर, वॉकिंग ट्रॅकवर, खेळण्यांच्या जागी हवीत ती वेगळी. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि लगेच पालवतो. करंजाची चैत्रपालवी पाहिली नसेल तर एकदा मुद्दाम जाऊन पाहा: मार्चमध्ये आठ-पंधरा दिवस उघडा, आणि एप्रिलच्या कडक उन्हात पोपटी पानांनी गच्च भरलेला. वड आणि पिंपळही त्याच सुमाराला नवे होतात. जांभूळ, आंबा, बकुळ बारा महिने हिरवे. बकुळ सावकाश वाढते, पण तिची सावली दाट आणि खाली सडा. चिंचेची सावली जुनी माणसं सांगतात तितकी वाईट मुळीच नाही. वडाला मात्र जागा द्या. कुंपणाला चिकटून लावलेला वड पुढे भिंत पाडतो, आणि मग शिक्षा वडाला होते.

रेनट्री परदेशी, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. पण पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर ज्यांनी त्याची छत्री अनुभवली आहे ते त्याला परकं म्हणणार नाहीत. जे आहेत ते जपावेत, नवे लावताना देशी निवडावेत, असं आमचं मत आहे. कोनोकार्पसला मात्र स्पष्ट नकार. भराभर वाढतो म्हणून तो दुभाजकांवर आणि उद्यानांत सर्रास लावला गेला. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

हिरवळ असली की पुरे ना? लॉनसुद्धा थंडच असतं.

पाणी घातलेलं लॉन डांबरापेक्षा पुष्कळ थंड असतं, हे खरं. पण दुपारी त्याच्यावर उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर ऊन तसंच राहतं, आणि पाण्याचा खर्च झाडापेक्षा खूप जास्त. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण सगळे मनापासून पाहतो. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन या तीनशे वर्षांच्या बागेवरून ते बेतलेलं आहे. पाहण्याची बाग म्हणून ते अप्रतिम आहे. पण प्रत्येक प्रभागातल्या बागेनं त्याची नक्कल करू नये. प्रभागातली बाग वापरायची असते.

नकली हिरवळीबद्दल विचाराल तर नको. ते प्लास्टिक आहे. भर उन्हात ते डांबरापेक्षाही जास्त तापू शकतं, आणि त्यावर लहान मुलं अनवाणी पळतात.

एक मोठं झाड तोडून त्याबदल्यात दहा रोपं लावली तर हिशेब बरोबर होतो ना?

होत नाही. साधं गणित करून बघा. आठ मीटर त्रिज्येचा पर्णसंभार सुमारे २०० चौरस मीटर जमिनीवर सावली धरतो. नुकत्याच लावलेल्या रोपाचा घेर अर्ध्या मीटर त्रिज्येचा धरला तर सावली पाऊण चौरस मीटर. म्हणजे त्या एका झाडाची सावली आज परत मिळवायला अडीचशे रोपं लागतील, आणि त्या सावलीत माणूस तर सोडाच, कोंबडीही नीट बसणार नाही. रोपं मोठी होईपर्यंतचे पंधरा-वीस उन्हाळे कुठे काढायचे?

महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना "वारसा वृक्ष" हा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावण्याची अट घातली. ही अट चांगली आहे. पण रोपं कुठे लागली हे विचारायला हवं. झाड गेलं पेठेतलं आणि रोपं लागली शहराच्या वेशीबाहेर, तर पेठेतल्या माणसाच्या वाट्याला फक्त ऊन आलं.

आमच्या उद्यानात मियावाकी जंगल करावं का?

कोपऱ्यात, जरूर. अकिरा मियावाकी या जपानी शास्त्रज्ञांची ही पद्धत आहे. चौरस मीटरला तीन-चार रोपं, तीही त्या भागातल्या मूळच्या प्रजातींची. मुंबईत तशी बरीच केली आहेत. धूळ अडते, पाखरं येतात. पण त्याच्या आत माणसाला बसायला जागा नसते. छोट्या उद्यानाची अर्धी जागा त्यात घातली तर लोकांची अर्धी बाग गेली. आणि पुण्याच्या टेकड्यांवर तर नकोच. तिथलं मूळ रूप गवताळ माळ आणि विरळ झाडीचं आहे. आधी कधीतरी लावलेल्या ग्लिरिसिडियानं त्या माळाचं काय झालं ते टेकडीवर फिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं: एकाच झाडाची रांगच्या रांग, उन्हाळ्यात निष्पर्ण, खाली गवत नाही.

उद्यान किती मोठं आणि किती जवळ हवं?

मोठ्या उद्यानाचा गारवा त्याच्या हद्दीबाहेरही पसरतो. साधारणपणे उद्यानाच्या रुंदीइतक्या अंतरापर्यंत, असं व्हँकूवर आणि सॅक्रामेंटोमधल्या मोजमापांत दिसलं होतं. छोट्या बागेचा गारवा तिच्या फाटकापाशी संपतो. तरी छोटी बाग जवळ असणं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्तरीतल्या बाई एम्प्रेस गार्डनला रिक्षा करून रोज जाणार नाहीत. गल्लीच्या टोकाला दोन कडुनिंब आणि चार बाकं असतील तर तिथे रोज जातील.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं असं सुचवलं आहे की घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर, अर्ध्या ते एक हेक्टरची हिरवी जागा असावी. आपल्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा धरली आहे. मुंबई त्याच्या जवळपासही नाही. पुण्यात महापालिकेची दोनशेहून जास्त उद्यानं आहेत, पण ती सगळीकडे सारखी वाटलेली नाहीत. दाट वस्त्यांत, जिथे घरावर पत्रा आहे आणि खिडकी एकच आहे, तिथे ती सगळ्यात कमी आहेत.

जागाच नाही म्हणणाऱ्यांना आम्ही माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहून यायला सांगतो. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, ३७ एकर. १९७७ पर्यंत तिथे मुंबईचा कचरा पडत होता. १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आज तिथे आत शिरलं की पायाखाली कचऱ्याचा डोंगर होता यावर विश्वास बसत नाही.

पुण्याला टेकड्या आहेत की! मग उद्यानांवर एवढा जोर कशाला?

टेकड्या आहेत म्हणूनच पुणं अजून पुणं आहे. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती, तळजाई: सूर्य मावळला की उघडा उतार लवकर निवतो आणि थंड झालेली जड हवा उतारावरून खाली सखल भागात सरकते. टेकडीच्या पायथ्याला राहणाऱ्यांना रात्री आठ-नऊनंतर जी झुळूक लागते ती हीच. उतारावर इमारती उभ्या राहिल्या की ती वाट अडते. म्हणून टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, ज्याला सगळे बीडीपी म्हणतात, ते टिकणं हा खालच्या वस्त्यांच्या झोपेचा प्रश्न आहे.

पण टेकडी सकाळ-संध्याकाळची आणि धडधाकट पायांची. दुपारी दोनला बाळाला घेऊन कुणी वेताळ टेकडी चढत नाही.

उद्यानं दुपारी बंद का असतात?

खरं सांगायचं तर या एका प्रश्नासाठी आम्ही बाकीचे सगळे लिहिले.

पुण्यातली बहुतेक उद्यानं सकाळी उघडतात, दहा-अकराला बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. साफसफाई, पाणी घालणं, माळीकाम, राखणदारांची कमतरता, जोडप्यांविषयीच्या तक्रारी, दारू-गुटखा: कारणं हीच सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण त्याचा अर्थ असा होतो की वर्षातल्या सगळ्यात कडक दिवसांत, दिवसातल्या सगळ्यात कडक पाच तासांत, शहरातली सगळ्यात थंड सार्वजनिक जागा कुलूपबंद असते.

गेल्या एप्रिलमध्ये दुपारी एकच्या सुमारास मी आमच्या उद्यानाच्या फाटकाशी उभा होतो. आत करंज पोपटी पानांनी भरलेले, त्यांच्याखाली रिकामी बाकं. एका करंजाची फांदी भिंतीवरून बाहेर आलेली, आणि तिच्या सावलीचा एक तुकडा फुटपाथवर पडलेला. त्या तुकड्यात सात माणसं दाटीवाटीनं बसली होती. झाडलोट आटोपून डबा खाणाऱ्या तिघी, हेल्मेट मांडीवर ठेवून मोबाइल चार्जिंगची वाट बघणारे दोन डिलिव्हरीवाले, एक भंगारवाले काका आणि त्यांचा नातू. ऊन सरकलं की सगळे थोडे थोडे सरकत होते. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो. त्या दिवसांत भर दुपारी भिंतीची, इमारतीची सावली नावालाही मिळत नाही. छत्र धरणारं झाड एवढाच आसरा, आणि तो भिंतीच्या आत.

ज्यांच्या घरी पंखा-कूलर आहे ते सकाळ-संध्याकाळ उद्यानात येऊ शकतात. दुपारची गरज ज्यांना आहे ते दुपारी रस्त्यावर असतात. म्हणून आमची मागणी साधी आहे: मार्च ते जून सगळी उद्यानं सलग उघडी ठेवा. सगळी जमत नसतील तर प्रत्येक प्रभागात निदान एक, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह चालू असलेलं. झाडलोट सकाळी आठच्या आत आणि रात्री करता येते. राखणदार हवा तर त्या चार महिन्यांसाठी एक पाळी वाढवावी.

हे काही जगावेगळं नाही. बार्सिलोनानं २०२० पासून उद्यानं, ग्रंथालयं, शाळा मिळून उन्हापासून आसरा देणाऱ्या जागांचं जाळं तयार केलं आहे. पॅरिसमध्ये उष्णतेची लाट आली की काही उद्यानं रात्रभर उघडी राहतात. आपल्या शेजारी अहमदाबादनं २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत शेकड्यांनी माणसं गमावली आणि २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. महाराष्ट्रातल्या शहरांच्या आराखड्यांतही उद्यानाच्या फाटकाची वेळ लिहिलेली असायला हवी.

उद्यानाला पाणी कुठून आणायचं? पिण्यालाच पुरत नाही.

पिण्याचं पाणी उद्यानाला देऊच नये. मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पातलं प्रक्रिया केलेलं पाणी झाडांना चालतं. मोठ्या सोसायट्यांच्या स्वतःच्या प्रकल्पांतलं जास्तीचं पाणी तर अनेकदा गटारात सोडून दिलं जातं. शेजारच्या सोसायटीशी बोलून पाइप टाकून घेता येतो.

त्याआधी फुकटचे दोन उपाय. प्रत्येक झाडाला आळं करा, बुंध्याला चिकटून नाही, फांद्यांच्या टोकांखाली, कारण पाणी पिणारी बारीक मुळं तिथे असतात. आणि पालापाचोळा जाळू नका, उकिरड्यावरही टाकू नका. आळ्यात चार बोटं जाडीचं आच्छादन घाला. खालची माती एप्रिलमध्येही हाताला ओली लागते. आमच्या माळीदादांना हे पहिल्यांदा पटत नव्हतं, "कचरा दिसतो" म्हणायचे. एकदा पाचोळा बाजूला सारून त्यांनी मुठीत माती घेतली, दाबली, तिचा लाडू झाला. तेव्हापासून ते पाचोळ्याची पोती बाहेर जाऊ देत नाहीत.

उद्यान सुशोभित करताना पेव्हर ब्लॉक, कारंजी, कट्टे हवेतच ना?

थोडे. चालण्याची एक पक्की वाट हवी, व्हीलचेअर आणि काठीवाल्यांसाठी तर हवीच. पण बुंध्याभोवती सिमेंट ओतणं म्हणजे झाडाचा गळा आवळणं. शहरातल्या एका उद्यानात सुशोभीकरणात करंजांना अगदी खोडापर्यंत काँक्रीटचे गोल कट्टे बांधले. आम्ही अर्ज केले, फोटो दिले, उत्तर आलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात दोन करंज पालवलेच नाहीत. दिल्लीच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या अर्जात त्याचा दाखला द्या.

मुलांच्या खेळण्यांचं काय?

घसरगुंडी पश्चिमेच्या उन्हात असेल तर संध्याकाळी पाचपर्यंत तिचा उपयोग नाही. एक आई बाटलीतलं पाणी घसरगुंडीवर ओतून, हात लावून बघून, मग मुलीला वर पाठवताना मी रोज बघायचो. स्टीलची घसरगुंडी आणि काळे रबरी मॅट, दोन्ही भाजतात. खेळणी हलवणं महाग नाही. पश्चिमेला दोन जांभळं लावली आणि ती मोठी होईपर्यंत हिरवी जाळी ताणली तरी पुष्कळ झालं.

बायका आणि मुली उद्यानात कमी का दिसतात?

सकाळी दिसतात, हास्य क्लबात आणि ट्रॅकवर. दहा-बारा वर्षांपुढच्या मुली मात्र संध्याकाळी गायब होतात. व्हिएन्ना शहराच्या लक्षात १९९० च्या दशकात हेच आलं: नऊ वर्षांनंतर मुली बागेत यायच्या बंद होत होत्या, कारण एकुलतं एक मोकळं मैदान मुलांच्या चेंडूनं व्यापलेलं. त्यांनी मैदानाचे भाग पाडले, वेगवेगळ्या खेळांना जागा दिल्या, उजेड वाढवला, आणि मुली परत आल्या. आपल्याकडे यादीत पहिलं नाव स्वच्छतागृहाचं. दार लागणारं, पाणी असलेलं, कुलूप नसलेलं. त्यानंतर दिवे, आणि पाठ टेकता येईल अशी समोरासमोरची बाकं.

आमच्या भागात उद्यानाचं आरक्षण आहे, पण वीस वर्षं झाली, काहीच झालं नाही.

लवकर हालचाल करा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तुमचा प्लॉट कोणत्या टप्प्यावर आहे हे माहितीच्या अधिकारात विचारा. नवा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत थोडीच असते. ती चुकवू नका, आणि एकट्यानं अर्ज करण्यापेक्षा गल्लीतल्या पन्नास जणांनी वेगवेगळे अर्ज करा.

आमचं उद्यान किती थंड आहे हे आम्हाला मोजता येईल का?

येईल. मोबाइलमधलं तापमान तुमच्या गल्लीचं नसतं. उपग्रहाच्या लाल-निळ्या नकाशांवरही एकदम विसंबू नका. ते जमिनीचं आणि छपरांचं तापमान दाखवतात, हवेचं नाही. त्यातला लँडसॅट तर आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या आसपास जातो, दुपारी अडीचची गोष्ट त्याला दिसत नाही. दोन सारखे तापमापक घ्या. छातीच्या उंचीवर, सावलीत, वारा लागेल असे टांगा. एक उद्यानात, एक जवळच्या रस्त्यावर. आधी दोन्ही एका जागी तासभर ठेवून सारखं दाखवतात का ते बघा. मग आठवडाभर दुपारी अडीचला आणि रात्री दहाला नोंदी करा. रात्रीची नोंद टाळू नका. दाट छत्राखाली दिवसाचा गारवा मोठा असतो, पण रात्री उघडी हिरवळ लवकर निवते, म्हणून उद्यानात दोन्ही हवं.

सुरुवात कशी करायची?

एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी दुपारी एक वाजता माळीदादांना विनंती करून फाटक उघडून घ्या. सोबत चार-पाच मुलं, खडूचा डबा आणि उद्यानाचा हातानं काढलेला नकाशा. वाटेवर आणि बाकांवर सावली जिथे संपते तिथे खडूनं रेघ ओढा. तीन वाजता पुन्हा दुसऱ्या रंगानं. कोणती बाकं दोन्ही वेळा रेघेच्या बाहेर राहिली ती मोजा, नकाशावर खुणा करा, आणि तो कागद क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्या. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की खड्डे त्या खुणांवर घ्यायचे आहेत.